रंग, वंश आणि व्याधी : डाल्मेशियन कुत्र्याचा इतिहास



ज्या व्यासपीठावरून राज्यांच्या आणि ग्रंथांच्या गोष्टी व्हावयाच्या, तेथे एका ठिपकेदार कुत्र्याचा इतिहास सांगण्यास उभे राहणे हे जरा धाडसाचेच आहे. परंतु माणसाने ज्या ज्या वस्तूला हात लावला तिला इतिहास चिकटतो, आणि कुत्र्याइतका माणसाच्या हाताखाली घडलेला प्राणी शोधून सापडावयाचा नाही. त्यातही डाल्मेशियनची गोष्ट विशेष बोलकी आहे. ह्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दोन व्याधी आहेत : एक बहिरेपणाची आणि दुसरी मुतखड्याची. दोन्हींचा संबंध लोकांनी त्याच्या पांढऱ्याशुभ्र अंगावरच्या काळ्या ठिपक्यांशी लावला. पण ह्यांपैकी एक व्याधी रंगाची सख्खी बहीण आहे, तर दुसरी नुसती वाटेत भेटलेली सोबतीण. सख्खी कोणती आणि सोबतीण कोणती ह्याचा उलगडा होण्यास जवळजवळ शतक लागले. आणि जी सहज घालवता येण्यासारखी होती तिला अमेरिकेत घराबाहेर काढण्यास, उपाय हाताशी असतानाही, आणखी तीस वर्षे गेली. त्या तीस वर्षांत काय घडले हे मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे. पण तेथवर जाण्यापूर्वी हा कुत्रा आला कोठून आणि तो करीत काय होता, हे थोडे पाहू.

नाव डाल्मेशियाचे, म्हणजे एड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांताचे. परंतु केवळ नावावरून मूळ ठरत नाही. मौज अशी की अठराव्या शतकातील थोर फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ ह्याने ठिपकेदार शिकारी कुत्र्याला ‘बंगालचा ब्राक’ असे नाव देऊन ठेवले आहे. कलकत्त्याच्या एखाद्या सभेत हे सांगितले तर टाळ्या पडतील. पण त्या काळी युरोपात जे जे चित्रविचित्र दिसे त्याला पूर्वेकडचे नाव देण्याची चालच होती, एवढाच त्याचा अर्थ धरावा. इंग्लंडात थॉमस ब्यूइक ह्याने १७९० साली चतुष्पादांवर जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात हा कुत्रा ‘डाल्मेशियन किंवा कोच डॉग’ ह्या नावाने आला आहे. कोच डॉग म्हणजे गाडीबरोबर धावणारा कुत्रा. सरदार-उमरावांच्या घोडागाड्यांबरोबर, कित्येकदा गाडीच्या आसाखाली, घोड्यांच्या टाचांना जवळजवळ नाक लावून हा मैलोगणती धावे. रस्त्यावरची भटकी कुत्री दूर ठेवी आणि मुक्कामाच्या जागी घोडे व गाडी राखी. पुढे अमेरिकेतील शहरांत आगीचे बंब घोडे ओढीत, तेव्हा तेथेही ह्याने ठाण मांडले.

हे धावणे नुसते शिकवलेले नव्हते. क्लाइड कीलर व हॅरी ट्रिंबल ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४० साली एक गंमतीचा निबंध प्रसिद्ध केला. एका श्वानगृहात अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींवरून त्यांनी असे दाखवले की, आसाच्या किती जवळ धावावयाचे ही आवडसुद्धा आईबापांकडून पिल्लांत उतरते. जवळ धावणाऱ्यांची पिल्ले जवळ धावत, मागे रेंगाळणाऱ्यांची मागे. म्हणजे ज्या कामासाठी ही जात राखली गेली ते काम तिच्या रक्तात मुरलेले होते. परंतु हा निबंध छापून आला तेव्हा रस्त्यावर घोडागाडीच उरली नव्हती. मोटार आली, आस गेला, घोडा गेला. कुत्रा उरला आणि त्याचे ठिपके उरले.

आपल्याकडच्या मराठवाड्यातील कारवानी कुत्र्याची किंमत ससा पुढे पळत असताना ठरे. त्याच्या रंगाची चौकशी कोणी फारशी करीत नसे. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून निराळाच परीक्षक पुढे आला. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले; १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला; १८८४ साली अमेरिकन केनेल क्लब आला. प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्रा दोन-चार मिनिटे उभा राहतो आणि थोडा चालून दाखवतो. तेवढ्या वेळात परीक्षकाला डोळ्यांनी जे दिसेल त्यावरच निवाडा करावयाचा असतो. प्रत्येक जातीची लक्षणे ठरवून देणारे पत्रक तयार झाले. अमेरिकेत अनेक वर्षे प्रचारात असलेल्या डाल्मेशियनच्या लक्षणपत्रकात एकूण शंभर गुणांपैकी रंग आणि ठिपके ह्यांना २५ गुण होते, चालीला १०. ठिपके गोल व रेखीव असावेत, एकमेकांत मिसळू नयेत, डाइम नाण्यापासून अर्ध्या डॉलरच्या नाण्यापर्यंत त्यांचा आकार असावा, इतका बारकावा त्यात आहे. सराफाच्या दुकानात शोभावी अशी ही मोजमापे! कान कसे असावेत ह्याला ५ गुण होते, पण त्या कानांना ऐकू यावे ह्यासाठी गुणांचे कोष्टकच नव्हते. लघवीची गोष्ट तर बोलायलाच नको.

प्रथम कानाची कथा घेऊ.

पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपणा ह्यांची सांगड लोकांच्या लक्षात फार पूर्वीच आली होती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ह्या १८५९ च्या ग्रंथातच डार्विनने निळ्या डोळ्यांच्या मांजरांच्या बहिरेपणाचा दाखला दिला आहे. एका गुणाची निवड केली की न मागितलेला दुसरा गुण पाठोपाठ येतो, हे सांगण्यासाठी त्याला तो हवा होता. १८९६ साली बर्नहार्ड राविट्झ ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने निळ्या डोळ्यांच्या एका पांढऱ्या कुत्र्याचा कान आणि मेंदू उघडून त्यांतील बिघाड वर्णन केला. पण रंगाचा आणि ऐकण्याचा संबंध का असावा? हे कोडे सुटले ते गर्भाची वाढ कशी होते हे समजल्यावर.

अंगाला रंग देणाऱ्या पेशी, ज्यांना आपण रंगपेशी म्हणू, त्या कातडीत जन्मत नाहीत. गर्भाच्या पाठीच्या रेषेत त्या उगम पावतात आणि तेथून प्रवास करीत अंगभर पसरतात. काही डोळ्यांत जातात, काही आतल्या कानात. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्या भिंतीत ह्या रंगपेशी बसतात आणि नळीतील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण राखण्याचे काम करतात. ह्या कामाचा रंगाशी काही संबंध नाही. पण ते झाले नाही तर नळीची ती भिंत सुकते आणि ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशी मरून जातात. आता डाल्मेशियन पांढरा का दिसतो? त्याच्या कातडीत पांढरे रंगद्रव्य असते म्हणून नव्हे. रंगपेशींचा प्रवास अर्ध्यावर थांबतो आणि बहुतेक कातडीपर्यंत त्या पोचतच नाहीत म्हणून. त्या जशा कातडीपर्यंत पोचत नाहीत तशा कधीकधी कानापर्यंतही पोचत नाहीत. ह्या प्रवासाशी संबंधित असलेल्या ‘एमआयटीएफ’ नावाच्या जनुकाचा कुत्र्यांच्या पांढरेपणाशी असलेला संबंध २००७ साली उजेडात आला. माणसातही ह्याच जनुकाच्या बिघाडाने बहिरेपणा येतो. नेदरलंड्समधील नेत्रवैद्य वार्डेनबुर्ख ह्यांनी १९५१ साली ज्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, ज्यात कपाळावर पांढरी बट, फिकट निळे डोळे आणि बहिरेपणा एकत्र आढळतात, त्याचा एक प्रकार ह्याच जनुकातून उद्भवतो. तेव्हा हे दुखणे रंगाशी सख्ख्या नात्याने बांधलेले आहे. पांढरेपणा ज्या कारणाने येतो त्याच कारणाने ते येते.

ह्या पिल्लांच्या वाढीचा क्रम पाहिला म्हणजे मन जरा विषण्ण होते. डाल्मेशियनचे पिल्लू जन्मतः कोरे पांढरे असते. दहा-चौदा दिवसांनी ठिपके उमटू लागतात. त्याच सुमारास डोळे व कान उघडतात. मालक आनंदाने ठिपके मोजू लागतो, आणि ज्या पिल्लाच्या कानात रंगपेशी पोचलेल्या नाहीत त्याच्या कानातील ध्वनिपेशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नष्ट होत असतात. बाहेर काळे ठिपके उमलत असताना आत अंधार पडत असतो. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांत शंभरांपैकी सुमारे तीस एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले; त्यांत दोन्ही कान गेलेली आठच्या आसपास. ब्रिटनमध्ये १९९२ ते २०१५ ह्या काळात तपासलेल्या कुत्र्यांत हे एकूण प्रमाण अठराच्या जवळ होते. ब्रिटनमध्ये निळे डोळे हा दोष मानतात, अमेरिकेत ते चालतात. एवढ्या एका गोष्टीने सगळा फरक पडला असे म्हणवत नाही, पण तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. पूर्ण बहिरी पिल्ले मारून टाकण्याची रीत पैदास करणाऱ्यांत दीर्घकाळ होती. एका कानाने बहिरे असलेले कुत्रे मात्र टाळी वाजवली की मान वळवते, ऐकू येणाऱ्या भावंडांत सहज खपून जाते आणि पुढची पिढी वाढवते. मेंदूकडे जाणाऱ्या ध्वनिसंदेशांची विद्युतनोंद घेणारी चाचणी आली तेव्हा कोठे ही गोम कळली.

आता ह्या कथेतील खरी चमत्कारिक गोष्ट. काही पिल्ले जन्मतःच कानावर किंवा डोळ्याभोवती मोठा काळा चट्टा घेऊन येतात. चट्टा म्हणजे ठिपका नव्हे. ठिपका मागाहून उमटतो, चट्टा जन्माचा सोबती. चट्टा असणे म्हणजे त्या पिल्लाच्या डोक्याकडे रंगपेशी सुखरूप पोचल्या असण्याची खूण. तपासण्यांवरून असे दिसून आले आहे की चट्टेवाली पिल्ले बहिरी निघण्याचा संभव बिनचट्ट्याच्या पिल्लांपेक्षा बराच कमी असतो. आणि अमेरिकन लक्षणपत्रक काय म्हणते? चट्टा असला की कुत्रा प्रदर्शनातून बाद! वॉल्ट डिस्नेच्या १९६१ सालच्या चित्रपटात ‘पॅच’ नावाचे जे उनाड पिल्लू आहे, डोळ्याला काळा चट्टा असलेले, ते मुलांना सर्वांत आवडते. रिंगणात मात्र त्याला दारातूनच परत पाठवले असते. परीक्षकांनी शंभर वर्षे जे पिल्लू बाजूला काढले ते, इतर गोष्टी समान असता, ऐकण्याची अधिक शक्यता असलेले पिल्लू होते. हा काही कोणाचा दुष्टपणा नाही. लक्षणपत्रक लिहिले गेले तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते.

कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर शास्त्रशुद्ध ग्रंथ झाला तो १९५७ साली, क्लॅरेन्स कुक लिटल ह्यांचा. उंदरांवरील संशोधनासाठी नावाजलेली जॅक्सन प्रयोगशाळा ह्यांनीच १९२९ साली मेन राज्यात स्थापन केली. माणूस मोठा विलक्षण : विद्यापीठांचे अध्यक्षपद भूषवलेला, स्वतः कुत्री पाळणारा, अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचा, म्हणजे मानववंश ‘सुधारू’ पाहणाऱ्या मंडळींचा, अध्यक्षही झालेला, आणि उतारवयात तंबाखूच्या कारखानदारांनी काढलेल्या संशोधन समितीचा शास्त्रीय सल्लागार. त्यांचा हा ग्रंथ पन्नास वर्षे पैदासकारांच्या टेबलावर राहिला. काही ठिकाणी त्यांचा अंदाज चुकला. काळ्या रंगाचे जनुक त्यांनी मानले त्या ठिकाणी नाही हे २००७ साली कळले. पण हे सगळे रंगाचे शास्त्र होते. आपल्या दुसऱ्या व्याधीचा शोध रंगाच्या वाटेने लागला नाही. तो लागला लघवीच्या बाटलीतून.

बेनेडिक्ट हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. मधुमेहाच्या रोग्याची लघवी निळ्या द्रावणात उकळून साखर पाहण्याची जी जुनी परीक्षा, ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट. युरिक आम्लावर प्रयोग करीत असता १९१६ च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले की डाल्मेशियन हा कुत्र्यांच्या जगात एकटाच पडलेला आहे. माणूस आणि वानरकुळातील त्याचे जवळचे आप्त सोडले तर बहुतेक सस्तन प्राणी शरीरात तयार होणाऱ्या युरिक आम्लाचे अॅलँटॉइन नावाच्या सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करून ते बाहेर टाकतात. डाल्मेशियनच्या लघवीत मात्र युरिक आम्ल तसेच, भरपूर प्रमाणात जाते. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचे क्षार साचतात आणि मुतखडे होतात. माणसात ह्याच आम्लाने सांधे सुजतात. आपले वैद्य ज्याला वातरक्त म्हणतात ते हेच दुखणे. कुत्र्यात त्रास होतो तो मुख्यतः नरांना, कारण त्यांचा मूत्रमार्ग अरुंद आणि एका ठिकाणी हाडाच्या खाचेतून जाणारा. खडा तेथे अडकला की लघवी तुंबते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रे मरते.

हा गुण वंशपरंपरेने येतो काय, हे पाहण्याचे काम इंग्लंडात ज्याने केले त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याचे नाव हुइया ऑन्स्लो. बाप अर्ल ऑफ ऑन्स्लो, न्यूझीलंडचा गव्हर्नर; मुलगा तेथेच १८९० साली जन्मला म्हणून त्याला माओरी लोकांच्या भाषेतले नाव मिळाले. हुइया हा तेथील एक पक्षी. काळ्या शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी असलेल्या पिसांसाठी लोकांनी त्याला इतके मारले की विसाव्या शतकाच्या आरंभी तो नाहीसाच झाला. रंगापायी संपलेल्या पक्ष्याचे नाव ज्याला मिळाले त्याने पुढे आयुष्य घालवले ते प्राण्यांच्या रंगाचे रसायन शोधण्यात, हा योगायोग मोठा नवलाचा. १९११ साली टायरॉलमध्ये एका सरोवरात सूर मारताना त्याला इजा झाली आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. त्यानंतर अंथरुणावर पडल्या पडल्या, राहत्या घरात प्रयोगशाळा करून त्याने सशांच्या केसांतील रंग, फुलपाखरांच्या पंखांवरील चमक अशा विषयांवर काम केले. १९१९ साली त्याने म्युरिएल व्हेलडेल ह्या विदुषीशी विवाह केला. केंब्रिज येथे विल्यम बेटसनच्या मंडळीत राहून फुलांच्या रंगांची आनुवंशिकता आणि रसायन ह्या दोहोंची गाठ घालणारी ती ही बाई. डाल्मेशियन आणि इतर कुत्री ह्यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची लघवी ऑन्स्लोने तपासली, तेव्हा डाल्मेशियनचा हा दोष संकर पिल्लांत दिसेना. १९२२ साली तो वारला. डाल्मेशियनवरचा त्याचा निबंध त्याच्या मागे १९२३ साली प्रसिद्ध झाला.

कीलर आणि ट्रिंबल ह्यांनी १९३८ साली डाल्मेशियनचा कॉलीशी संकर करून हा प्रश्न निकालात काढला. युरिक आम्लाचा दोष एकाच जनुकाचा आणि अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो, एक निरोगी प्रत असली तर पुरते. पुढे असेही कळले की डाल्मेशियनच्या यकृतात युरिक आम्ल फोडणारे एन्झाइम नसते असे नव्हे. ते असते, पण आम्ल त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या कुत्र्याचे यकृत डाल्मेशियनमध्ये बसवून पाहिले तेव्हा १९७२ सालच्या एका प्रयोगात युरिक आम्ल उतरले. दाणागोटा घरात आहे, चूलही पेटलेली आहे, पण कोठाराची किल्ली हरवली आहे, अशी ही अवस्था.

आता प्रश्न असा की हा दोष एकूण एक डाल्मेशियनमध्ये शिरला कसा? कारण बहिरेपणासारखा तो काहींत असतो आणि काहींत नसतो असे नव्हते. साऱ्या जातीत निरोगी प्रत उरलीच नव्हती. ह्यावर रॉबर्ट शायबल ह्या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाचा तर्क असा होता की, मोठे आणि रेखीव ठिपके ज्या कुत्र्यांचे, तीच पैदाशीसाठी निवडत गेल्याने त्यांच्याबरोबर हा दोषही निवडला गेला. तर्क पूर्णपणे मानला नाही तरी एक गोष्ट उघड आहे. हा दोष प्रदर्शनात दिसत नव्हता, आणि नोंदवहीचे दार बंद असलेल्या लहानशा समाजात निवड ठिपक्यांवर चालू होती. अशा ठिकाणी न दिसणारे काहीही सर्वव्यापी होऊ शकते. म्हणून ह्या व्याधीला मी सोबतीण म्हटले. ठिपक्यांसाठी ती लागत नाही, ती नुसती गाडीत बसली होती.

आणि शायबलने नेमके हेच ओळखले. जातीत निरोगी प्रत नसेल तर ती बाहेरून एकदाच आणावी लागेल. स्वतः डाल्मेशियन पाळणाऱ्या ह्या माणसाने १९७३ साली आपल्या कुत्रीचा संयोग एका इंग्लिश पॉइंटरशी घडवून आणला. पॉइंटर हा डाल्मेशियनचा जवळचा आप्त समजला जातो. त्यांच्या पिल्लांचा पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी संयोग; त्यांतील ज्यांची लघवी निरोगी निघेल त्यांचा पुन्हा डाल्मेशियनशी; असे पिढ्यामागून पिढ्या. निरोगी प्रत प्रभावी असल्याने दर वेतात सरासरी निम्मी पिल्ले निरोगी निघत, आणि तेवढी पुढे नेली की झाले. पॉइंटरचे रक्त दर पिढीला अर्धे होत जाते : अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश, आणि पाचव्या पिढीला बत्तिसावा हिस्सा. एका संयोगाने आणलेली किल्ली हाती ठेवून बाकीचे सगळे परत करावे, असा हा व्यवहार. गणित शाळकरी पोराला समजेल एवढे सोपे होते.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबाने पाचव्या पिढीतील दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. एखाद्याला वाटेल की डाल्मेशियनप्रेमी मंडळींनी पेढे वाटले असतील. झाले उलटे. डाल्मेशियन क्लब ऑफ अमेरिका ही १९०५ पासूनची संस्था. तिच्या सभासदांतून विरोध उसळला. ह्या दोन कुत्र्यांच्या संततीची नोंद थांबवली गेली, आणि मतास टाकल्यावर सभासदांनी ह्या मार्गाला नकार दिला. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणत की प्रत्येक डाल्मेशियनला काही खडे होत नाहीत. भरपूर पाणी, बेताचे मांस आणि औषध दिले की निभते. नव्या पिल्लांचे ठिपके काहीसे लहान आणि कमी रेखीव आहेत. पॉइंटरबरोबर त्याचे रोग येणार नाहीत कशावरून? ह्यांतील पहिले म्हणणे खरे आहे, दुसऱ्यात तथ्य आहे, तिसऱ्याची शंका घेण्यासारखी होती. पण ह्या तिन्हींच्या मुळाशी जे होते ते चौथेच होते : हा कुत्रा शुद्ध नाही.

ह्या शुद्धतेचा उगम पाहू गेले तर नोंदवही उघडण्यापूर्वीच्या दिवसांत जावे लागते. ज्या कुत्र्यांची नावे तिच्या पहिल्या पानांवर पडली त्यांच्या आजापणजांचा पत्ता कोणाला होता? गाडीखाली धावणारा ठिपकेदार कुत्रा दिसला की तो डाल्मेशियन, एवढीच तेव्हाची कसोटी. मग एके दिवशी दार लागले आणि आतले सगळे शुद्ध, बाहेरचे सगळे भेसळीचे ठरले. बेटीव्यवहार बंद केला म्हणजे कुळ शुद्ध राहते ही समजूत आपल्याला काही अनोळखी नाही; तेव्हा अमेरिकन मंडळींना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. दार लावल्याने शुद्धता आत राहिली की नाही कोण जाणे. युरिक आम्ल मात्र नक्की आत राहिले.

शायबलने आणि त्याच्या थोड्या सहकाऱ्यांनी ही ओळ नोंदणीविना चालू ठेवली. मान्यता नाही, प्रदर्शन नाही, पिल्लांना बाजारात भाव नाही. दर पिढीत लघवी तपासावयाची, निरोगी पिल्लू निवडावयाचे आणि पुढचा संयोग ठरवावयाचा. असे कंटाळवाणे काम तीन तपे चालवणाऱ्याला मी तरी हटयोगीच म्हणेन.

दैवाचे फासे पालटले ते २००८ साली. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील डॅनिका बॅनश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोषाचे नेमके स्थान शोधून काढले : ‘एसएलसी२ए९’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल, आणि त्यामुळे प्रथिनात सिस्टाइनच्या जागी फेनिलॲलनिन. युरिक आम्लाची ने-आण करणारे हेच ते दार, ज्याची किल्ली हरवली होती. गंमत म्हणजे त्याच वर्षी माणसातील युरिक आम्ल आणि गाऊट ह्यांचा संबंधही ह्याच जनुकाशी जोडला गेला. आता पिल्लाची लघवी घेऊन बसण्याची गरज राहिली नाही. गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेल्या पेशी पुरतात. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधींवर एक माहितीपट दाखवला आणि मोठे वादळ उठले. चौकशीचे काम केंब्रिजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ सर पॅट्रिक बेटसन ह्यांच्याकडे आले. ज्या विल्यम बेटसनच्या मंडळीत म्युरिएल व्हेलडेल काम करीत असे त्याच घराण्यातले हे. त्यांचा अहवाल जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेतून आणलेली, शायबलच्या ओळीतील एक कुत्री लंडनच्या केनेल क्लबाने नोंदवून घेतली, आणि पुढच्या वर्षी ती क्रफ्ट्‌सच्या प्रदर्शनात उतरली. अमेरिकन केनेल क्लबाने २०११ च्या जुलैत ह्या ओळीला दार उघडले. त्या वेळेपर्यंत इतक्या पिढ्या उलटल्या होत्या की पॉइंटरचा वाटा हजारात एकाहूनही कमी राहिला होता. १९८१ ते २०११ : तीस वर्षे. डाल्मेशियनच्या आयुष्याच्या मानाने पाहिले तर ह्या तीस वर्षांत कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या, आणि त्यांतील जे नर खड्याने तुंबून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले त्यांच्यासाठी उपाय जगात अस्तित्वात होता.

ठिपक्यांचे कोडेही हल्ली बरेचसे उलगडले आहे. पांढऱ्या अंगावर मागाहून रंग उमटवणारे जनुक कुत्र्यांच्या अडतिसाव्या गुणसूत्रावर, ‘यूएसएच२ए’ ह्या जनुकापाशी आहे असे २०२१ साली दाखवले गेले. युरिक आम्लाचे जनुक आहे तिसऱ्या गुणसूत्रावर. मुक्काम वेगळे, गाडी एक. म्हणूनच एकाला उतरवून दुसऱ्याला ठेवता आले.

बहिरेपणाला असे उतरवता येत नाही, कारण तेथे गाडी आणि प्रवासी एकच आहेत. त्याचे प्रमाण कमी करावयाचे तर पाच-सहा आठवड्यांच्या प्रत्येक पिल्लाचे दोन्ही कान यंत्राने तपासावयाचे, एका कानाने बहिरे असलेलेही पैदाशीत घ्यावयाचे नाही, निळे डोळे टाळावयाचे, एवढेच उपाय हाती आहेत. ब्रिटनमध्ये ह्या वाटेने प्रमाण हळूहळू उतरत आले आहे. आणखी एक उपाय कागदावरची एक ओळ खोडण्याचा आहे. पण अमेरिकन लक्षणपत्रकात चट्टा हे आजही बाद ठरवण्याचे कारण आहे. तेव्हा ज्या पिल्लाचा एक कान जन्मतः काळाभोर असतो त्याला प्रदर्शनवाले ठेवून घेत नाहीत. ते कोणाच्या तरी घरी साधे पाळीव कुत्रे म्हणून जाते, त्याची नसबंदी होते, आणि हाक मारली की ते बहुधा लगेच धावत येते.